अॅम्पच्या सप्लायमधली नंबर गेलेली आयसी ओळखायची कशी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला गणपती, नवरात्र, लग्नसराई आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) हे सगळं एकामागून एक येतं, आणि प्रत्येकानंतर रिपेअरला अॅम्प, अॅक्टिव्ह स्पीकर, पॉवर्ड मिक्सर यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच जणांचा सप्लाय, म्हणजे २३० व्होल्टवरून आतल्या बोर्डांना लागणारा डीसी बनवणारा भाग, गेलेला असतो. शिकणाऱ्या मुलांचा फोटोही ठरलेला, आठ पिनची काळी आयसी, वरून घासलेली किंवा फुटलेली, आणि खाली लिहिलेलं असतं "ताई ही कोणती आहे". प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आयसीवर नंबरच नाहीये, मग बोर्ड भंगारात टाकायचा का?

अजिबात नाही. ऑडिओच्या सप्लायमध्ये येणाऱ्या आयसी फार थोड्या घराण्यांच्या असतात, आणि आयसी कोणत्या घराण्याची आहे हे तिच्या आजूबाजूचा माल सांगतो. कोणती पिन ग्राउंडला जाते, कोणत्या पिनवरून मॉस्फेटच्या (सप्लायमधला झपाट्याने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) गेटला लाईन जाते, छोटा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर कुठे बसलाय, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की बहुतेक वेळा नाव समोर येतं. छापलेला नंबर असला तर काम सोपं होतं, नसला तर अर्धा तास जास्त जातो, एवढंच.

हात लावायच्या आधी काय बघायचं?

मोठा कॅपॅसिटर. आपल्या २३० व्होल्टच्या लाईनवर ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) साधारण ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो, आणि सप्लाय मेलेला असेल तर तो वापरणारं कोणी नसतं, म्हणून प्लग काढल्यावरही चार्ज बराच वेळ तसाच राहतो. मेलेला बोर्ड चालू बोर्डापेक्षा जास्त धोक्याचा आहे हे नव्या मुलांना पटकन लक्षात येत नाही. १० के १० वॉटचा रेझिस्टन्स, वायरला इन्सुलेशन, कॅपॅसिटरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट धरायचा आणि मग मीटरने बघायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट मारायचा नाही, ट्रॅक उडतो, कॅपॅसिटर खराब होतो आणि ठिणगी डोळ्यात जाऊ शकते.

अजून एक, स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर त्याची अर्थची क्लिप प्रायमरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूच्या, ग्राउंडला लावायची नाही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर अजिबातच नाही. ते ग्राउंड मेन्सला जोडलेलं असतं, धमाका होतो.

नंबर पुसट आहे, वाचता येत नाही. काही युक्ती?

आहेत. पहिल्यांदा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने साफ करा. गेरमध्ये फिरून आलेल्या स्पीकरमध्ये गुलाल आयसीच्या अंगावर आणि पिनांच्या मधे असा बसलेला असतो की ब्रशने नुसता पसरतो, तिथे अल्कोहोल आणि जुना टूथब्रश लागतो. अॅसिटोन वापरू नका, शाईने छापलेला नंबर असेल तर तो त्याच्याबरोबर निघून जातो.

मग टॉर्च अगदी आडवी धरायची, जवळजवळ आयसीच्या लेव्हलला, आणि मोबाईलचा कॅमेरा वरून झूम करायचा. लेझरने कोरलेला नंबर असा उजेडात उठून दिसतो. तरी नाही दिसला तर खडूची पूड बोटाने चोळायची आणि वरची पुसायची, कोरलेल्या रेषांत पांढरं राहतं. घासपेपरने खोल घासलेला असेल तर मात्र यातलं काहीच चालणार नाही, मग सर्किटच वाचावं लागतं.

नंबर आहे पण गूगलवर काहीच सापडत नाही. असं का?

याची दोन-तीन कारणं असतात. एक म्हणजे तुम्ही तारखेचा कोड शोधताय. ०४२३ असे चार आकडे दिसले तर ते बहुतेक वेळा २००४ सालचा २३वा आठवडा असतो, नाव वरच्या ओळीत असतं. दुसरं, मोठे ब्रँड काही वेळा स्वतःचा घरचा नंबर छापून घेतात, तो फक्त त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आत आयसी मात्र बाजारातलीच असते. तिसरं, पुढची अक्षरं गाळलेली असतात. ट्रान्झिस्टरमध्ये हे तुम्ही रोज बघता, सी ५२०० म्हणजे २एससी ५२०० आणि ए १९४३ म्हणजे २एसए १९४३.

आणि एकाच आयसीवर कंपनीप्रमाणे पुढची अक्षरं बदलतात. यूसी ३८४२, केए ३८४२, दोन्ही नावं एकाच घराण्याची. टीएल ४९४ आणि केए ७५०० तर सरळ एकमेकांच्या जागी बसतात. म्हणून शोधताना आधी नुसते आकडे टाकून बघा.

सहा पिनची अगदी बारीक आयसी आहे, वर चार-पाच अक्षरं आहेत, ते तर नाव नाही वाटत.

नसतंच ते पूर्ण नाव. एवढ्याशा जागेत पूर्ण नाव मावत नाही म्हणून कंपनी छोटा कोड छापते, त्यात एक-दोन अक्षरं आयसीची आणि बाकीची लॉटची. तसाच दुसरा बोर्ड मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, जी अक्षरं दोन्हीकडे सारखी ती कामाची.

सुदैवाने या साइजमधल्या सप्लाय आयसींचा पिनआउट बऱ्यापैकी सारखा असतो. ओबी २२६३, एसजी ६८४८, एलडी ७५३५ यांच्यात पिन १ ग्राउंड, २ वर ऑप्टोकडून (सेकंडरीचा सिग्नल उजेडाने प्रायमरीला पोचवणारा भाग) येणारा फीडबॅक, ३ वर फ्रिक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टन्स, ४ करंट सेन्स, ५ व्हीसीसी (आयसीचा स्वतःचा सप्लाय) आणि ६ गेट. तुमच्या बोर्डवर ५ ला छोटा इलेक्ट्रोलिटिक आणि ६ वरून गेटला लाईन असेल तर तुम्ही याच टोळीत आहात. फक्त ३ वरचा रेझिस्टन्स आणि चालू व्हायचा व्होल्टेज डेटाशीटशी जुळवून घ्या, मगच लावा.

आठ पिनची असेल तर कसं ओळखायचं? नीट सांगा.

सांगते, हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मीटर कन्टिन्युटीवर टाका, काळी वायर मोठ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला, आणि लाल वायरने एकेक पिन बघा, बीप आला ती ग्राउंड. खाचेच्या किंवा ठिपक्याच्या बाजूने डावीकडची वरची पिन १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं हे लक्षात असू द्या, बरेच जण इथेच चुकतात. मग मॉस्फेटच्या गेटपासून उलटं यायचं, मधे १० ते ४७ ओहमचा रेझिस्टन्स असतो, तो ज्या पिनला पोचतो ती आउटपुट. आणि ज्या पिनला २२ ते १०० एमएफडीचा (मायक्रोफॅरड) छोटा इलेक्ट्रोलिटिक, ट्रान्सफॉर्मरच्या एका वाइंडिंगवरून येणारा डायोड आणि वरून हाय व्होल्टेजमधून येणारा शे-दोनशे केचा स्टार्टअप रेझिस्टन्स असे तिघं भेटतात ती व्हीसीसी.

आता जुळवा. ग्राउंड ५, आउटपुट ६, व्हीसीसी ७ आलं तर ३८४२ चं घराणं. ग्राउंड ४, आउटपुट ५, व्हीसीसी ६, पिन ७ रिकामी आणि ८ सरळ हाय व्होल्टेजकडे जात असेल तर एनसीपी १२०० ची जात, तिला बाहेरचा स्टार्टअप रेझिस्टन्स लागतच नाही. ग्राउंड ६, गेट ७, व्हीसीसी ८ असेल आणि जवळ मोठी कॉइल आणि जाड डायोड असेल तर ती पीएफसीची (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) एल ६५६२ सारखी आयसी, मेन सप्लायची कंट्रोलर वेगळी शोधा. आणि ५ आणि ७ दोन्हीवरून दोन वेगळ्या मॉस्फेटला गेट जातंय, ४ ग्राउंड, १ व्हीसीसी, १ वरून ८ ला डायोड, ८ आणि ६ च्या मधे एक कॅपॅसिटर, असं दिसलं तर आयआर २१५३, हाफ ब्रिज, म्हणजे दोन मॉस्फेट आळीपाळीने चालवणारी.

वेगळं मॉस्फेट दिसतच नाहीये, मग?

मग मॉस्फेट आयसीच्या आतच आहे, स्टँडबायच्या छोट्या सप्लायमध्ये असंच असतं. व्हायपर २२ ए मध्ये ५ ते ८ चारही पिन एकत्र, तिथे ड्रेन येतो, आणि १, २ सोर्स. टीएनवाय च्या आयसीत एक पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजून लोक आयसी बदलायला निघतात. टीएनवाय २६४ ते २६८ मध्ये पिन ६ नसते आणि टीएनवाय २७४ ते २८० मध्ये पिन ३ नसते. ड्रेनवर खूप व्होल्टेज असतो म्हणून शेजारची पिन काढून अंतर ठेवलेलं असतं. ही गाळलेली पिन म्हणजे आयती ओळख आहे, नंबर वाचायच्या आधी पिना मोजा.

३८४२ चं घराणं आहे हे कळलं, पण ३८४२, ४३, ४४, ४५ यातली नेमकी कोणती?

हा खरा कस लागणारा प्रश्न आहे, कारण पिना चारही जणांच्या एकसारख्या आणि चुकीची बसवली तर नवीन मॉस्फेट पहिल्याच सेकंदाला जाऊ शकतं.

फरक दोनच. ३८४२ आणि ३८४४ साधारण १६ व्होल्टला चालू होतात आणि १० ला बंद, ३८४३ आणि ३८४५ साधारण ८.४ ला चालू आणि ७.६ ला बंद. दुसरा फरक ड्यूटीचा, म्हणजे प्रत्येक सायकलमध्ये मॉस्फेट किती टक्के वेळ चालू राहतो त्याचा, ३८४२ आणि ३८४३ जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत जातात, ३८४४ आणि ३८४५ ५० च्या वर जात नाहीत.

रामबागेतल्या एका मंडळाचा अॅक्टिव्ह स्पीकर आला होता, त्यावरून सांगते. आयसी घासलेली, पिन ५ आणि ६ शॉर्ट, म्हणजे मेलेली, तिला व्होल्टेज देऊन काही विचारता येणार नव्हतं. पिन ८ वरून १० केचा रेझिस्टन्स ४ ला, ४ वरून २.२ नॅनोफॅरड ग्राउंडला, ३ ला १ केमधून सोर्सचा ०.३३ ओहम. घराणं नक्की झालं. मग स्टार्टअप बघितला, मोठ्या कॅपॅसिटरवरून दोन रेझिस्टन्स सिरीजमध्ये थेट पिन ७ ला. अशा स्टार्टअपमध्ये छोटा कॅपॅसिटर हळूहळू भरतो आणि आयसी चालू झाली की वाइंडिंगवरून सप्लाय येईपर्यंत त्या साठ्यावरच चालावं लागतं. १६ वरून १० पर्यंत उतरायला ६ व्होल्टची जागा आहे, ८.४ वरून ७.६ पर्यंत एक व्होल्टही नाही, तेवढ्यात ती बंद पडेल. म्हणजे ४३ आणि ४५ बाद, राहिल्या ४२ आणि ४४.

मग सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची अॅम्पकडची बाजू, बघितली. प्रत्येक रेलला (अॅम्पला जाणारा प्लस किंवा मायनस व्होल्टेज) दोन डायोड आणि त्यानंतर जाड चोक, कॅपॅसिटर चोकच्या पुढे. म्हणजे फॉरवर्ड कन्व्हर्टर. फ्लायबॅक असता तर एक डायोड आणि सरळ कॅपॅसिटर दिसला असता. एका मॉस्फेटच्या फॉरवर्डमध्ये ट्रान्सफॉर्मर रिसेट व्हायला अर्धा वेळ लागतो, तिथे ५० च्या वर ड्यूटी गेली तर कोअर सॅच्युरेट होऊन मॉस्फेट उडतो. म्हणून ३८४४. ती लावली, सिरीज बल्बवर (तो कसा लावायचा ते शेवटी सांगितलंय) चालू झाला, रेल बरोबर आले.

फ्रिक्वेन्सीपण यातून निघते, १.७२ भागिले आर गुणिले सी, १० के आणि २.२ नॅनोला साधारण ७८ किलोहर्ट्झ, पण ३८४४ मध्ये आउटपुट त्याच्या निम्म्यावर चालतं म्हणजे ३९. म्हणूनच ४२ च्या जागी ४४ "सेफ आहे" म्हणून ठोकायची नाही, फ्रिक्वेन्सी अर्धी होते आणि लोडवर सप्लाय बसतो.

आयसी जिवंत असेल तर टेस्ट करून ओळखता येते का?

येते, आणि हीच सगळ्यात पक्की पद्धत आहे. मेन्सचा प्लग काढलेला, मोठा कॅपॅसिटर रिकामा. बेंच सप्लायचा करंट लिमिट ५० मिलिअँपच्या आसपास ठेवायचा, निगेटिव्ह ग्राउंड पिनला, पॉझिटिव्ह व्हीसीसीला, आणि शून्यापासून हळूहळू वर न्यायचं. पिन ८ वर ५ व्होल्ट कुठे उगवतो ते बघा, ८.४ च्या आसपास की १६ च्या. पिन ४ वर स्कोपवर करवतीसारखी वेव्ह दिसली पाहिजे. पिन ४ आणि पिन ६ ची फ्रिक्वेन्सी सारखी असेल तर ४२ किंवा ४३, पिन ६ ची निम्मी असेल तर ४४ किंवा ४५. वीस व्होल्टच्या वर न्यायची गरज नाही.

दुकानातून आणलेली नवीन आयसीसुद्धा लावायच्या आधी ब्रेडबोर्डवर अशीच बघा. ४२ छापलेली आणि ८.४ ला चालू होणारी आयसी दिसली तर ती परत करा.

सोळा पिनची आहे. टीएल ४९४ की एसजी ३५२५?

पिन १२ बघा. ग्राउंडला बीप आला तर ३५२५ धरून चाला, तिची सप्लाय १५ वर आणि ५.१ व्होल्टचा रेफरन्स १६ वर, आउटपुट ११ आणि १४. पिन ७ ग्राउंड आणि १२ वर सप्लाय असेल तर ४९४, तिचा ५ व्होल्ट रेफरन्स १४ वर. दोघींमध्ये आउटपुट बहुतेक वेळा छोट्या ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरला किंवा ट्रान्झिस्टरच्या जोडीला जातात. दोन्ही नाही जुळल्या आणि प्रायमरीच्या सिरीजमध्ये एक मोठा फिल्म कॅपॅसिटर दिसला तर रेझोनंट सप्लाय आहे, तिथे एल ६५९९ पासून शोध सुरू करा, तिचं ग्राउंड १० आणि व्हीसीसी १२.

तीन पिनची आहे, ट्रान्झिस्टर की आयसी कळत नाही.

ऑप्टोच्या शेजारी सेकंडरीला ट्रान्झिस्टरसारखी दिसते ती बहुतेक टीएल ४३१ असते. काढून रेफरन्स आणि कॅथोड जोडा, १२ व्होल्टवरून १ के मधून द्या, २.५ व्होल्ट आला तर तीच. एसएमडीमध्ये (बोर्डाच्या वरच चिकटवलेला बारीक माल) ४३१ आणि ४३२ मधल्या दोन पिना उलट असतात, त्यामुळे ट्रॅक बघूनच लावा.

प्रीअॅम्पच्या प्लस-मायनस १५ साठी ७८१५ आणि ७९१५ असतात, आणि इथे मीटरने न बघता बदलणारे फसतात. ७८ मध्ये क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. म्हणजे ७९ च्या पाठीच्या पत्र्यावर इनपुट असतो, हीटसिंक बॉडीला लागलेला असेल तर अभ्रक आणि बुश शिवाय लावायची नाही.

मोबाईलने फोटो काढून शोधलं तर?

नंबर दिसत असेल तर उपयोग होतो. नसेल तर सगळ्या काळ्या आठ पिनवाल्या सारख्याच दिसतात. स्वस्तातला कंपोनंट टेस्टर मॉस्फेट, डायोड, ट्रान्झिस्टर छान ओळखतो, सप्लायची आयसी त्याच्या आवाक्याबाहेरची.

आयसी मेलीच आहे हे कशावरून?

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं. सप्लाय डेड म्हणजे आयसी डेड असं नाही. स्टार्टअपचा रेझिस्टन्स ओपन झाला की आयसीला व्होल्टेजच पोचत नाही, आणि हा रेझिस्टन्स कायम हाय व्होल्टेजवर असल्यामुळे वर्षानुवर्षांनी ओपन होतोच. व्हीसीसीचा छोटा कॅपॅसिटर हीटसिंकच्या बाजूला बसवलेला असतो, गरमीने सुकतो, सप्लाय चालू व्हायचा प्रयत्न करतो आणि पडतो, टिक टिक आवाज येतो. दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आतला माल आहे. ते बदलून बघितल्याशिवाय आयसीला गरम हवा लावू नका.

मॉस्फेट शॉर्ट असेल तर मात्र उलटं, आयसीवर पूर्ण संशय घ्या. मॉस्फेट जाताना गेटमधून हाय व्होल्टेज आयसीत शिरतो. अशा वेळी मॉस्फेट, गेटचा रेझिस्टन्स, सोर्सचा सेन्स रेझिस्टन्स, फ्यूज आणि आयसी हे सगळं एकदमच बदलायचं, ब्रिजपण तपासायचा.

माल कुठे मिळेल?

महाराणी रोडला. फक्त नंबर घेऊन जा, तिथे "भिया, आठ पिनवाली दे दो" म्हणून चालत नाही, आणि चालू नयेच. जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये टीएल ४९४ किंवा केए ७५०० सापडते, ई-बाइकच्या बिघडलेल्या चार्जरमध्ये ३८४२. भंगारातली ओरिजिनल आयसी मला नव्या संशयास्पद आयसीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, तिची टेस्ट मात्र वर सांगितलीय तशी करूनच.

सॉकेट लावू का?

डीआयपी, म्हणजे बोर्डाच्या भोकांत बसणाऱ्या पिनांची असेल तर टेस्टिंगपुरता लावा. मिरवणुकीत थरथरणाऱ्या स्पीकरमध्ये कायमचा नको.

मंडळवाले म्हणतात उद्याच पाहिजे, अंदाजाने लावून देऊ का?

नाही. अंदाजाने लावलेली आयसी सिरीज बल्बवर चालूही होईल, आणि रात्री पूर्ण आवाजात, गर्दीच्या मधोमध उडेल. त्यांना सरळ सांगायचं की दुसरा स्पीकर भाड्याने आणा. लोक ऐकतात, नीट समजावून सांगितलं की ऐकतात.

नवीन आयसी लावली, पहिल्यांदा चालू कसं करायचं?

फेजमध्ये सिरीजला १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब, एलईडी चालणार नाही. अॅम्पचा बोर्ड सप्लायपासून सोडवलेला ठेवा. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद. मंद झाला की रेल मोजा, प्लस आणि मायनस सारखे हवेत. मग बल्ब काढायच्या आधी सेकंडरीला छोटा लोड द्या, दोन-चार वॉटचा पुरे, आणि रेल धरून राहतात का बघा. पीएफसी असलेल्या सप्लायवर बल्ब लुकलुकतो, तिथे घाबरून पुन्हा आयसी काढू नका, मोठ्या कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज बघून ठरवा.